शरणपूर रोडवर विल्यम जोन्सचं नाव लागू द्या: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई
यांस,

सविनय नमस्कार.

मी नाशिकची. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि आता निवृत्त आहे. हे पत्र एका रस्त्याच्या नावाबद्दल आहे, आणि गुलामगिरीतून सुटून तिथल्या वस्तीत वाढलेल्या विल्यम जोन्स आणि इतर आफ्रिकन मुलांबद्दल.

नाशिकला आपण आलात की शरणपूर रोडवरून जाणं होतंच. महापालिकेचं राजीव गांधी भवन याच रस्त्यावर आहे. तिबेटियन मार्केट इथेच. थंडी पडली की अख्खं नाशिक स्वेटर घ्यायला इथे येतं. रिक्षावाल्याला 'शरणपूर रोड' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पण हे शरणपूर कोणाच्या शरण येण्यावरून पडलं, हा प्रश्न मी एकतीस वर्षांत वर्गात एकदाही विचारला नाही, कारण तो मलाच पडला नव्हता. आज त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना मी पॅरिसमधला बॅस्तिलचा तुरुंग कसा पडला ते शिकवलं, आणि शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर काय घडलं होतं ते सांगितलं नाही.

हा प्रश्न मला पडला तो मोंबासात. मुलीच्या घरी काही महिने राहायला गेले होते. मोंबासा बेट ओलांडून नयालीच्या बाजूला गेलं की एक गजबजलेला चौक लागतो. मटाटूंची, म्हणजे तिथल्या वडाप गाड्यांची, सारखी ये-जा. त्या चौकाचं नाव केंगेलेनी. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, आणि केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. तिथे खरोखरच एक जुनी घंटा टांगलेली आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबतं किनाऱ्याजवळ दिसली की वस्तीला सावध करायला ही घंटा वाजवत, असं तिथे सांगतात. ज्या वस्तीची ती घंटा, तिचं नाव फ्रीअर टाउन. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर, त्यांच्यावरून पडलेलं. जवळच्या चर्चच्या दारात एक वयस्क गृहस्थ भेटले. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. मी आधी इंडिया म्हटलं, मग मुंबई, आणि शेवटी नाशिक. ते थांबले. 'नासिक' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, घरातल्या कुणा थोरल्याचं नाव घ्यावं तसा. माझ्या गावाचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या गावाशी माझ्या गावाचं नातं मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं. वर्षभर वाचत राहिले. जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवते.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून किनाऱ्यावर आणत आणि विकत. झांझिबार आणि पेंबा बेटांवर लवंगेच्या बागा होत्या आणि त्या बागांना मजूर हवे होते. ती लवंग मोठ्या प्रमाणात मुंबई बंदरात उतरत असे. आपल्या आज्या-पणज्यांच्या गोड्या मसाल्याच्या डब्यात ती होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे. झांझिबारच्या या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांत पश्चिम भारतातले सावकारही होते. दुसरीकडे ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं अडवत होतं. त्यांवर सापडलेल्या माणसांना, आणि त्यांत लहान मुलं पुष्कळ असत, एडनला, सेशेल्सला किंवा मुंबईला उतरवून घेत. मुंबईत उतरलेल्या मुलांपैकी काही घरोघरी कामाला गेली आणि काही मिशनऱ्यांच्या हवाली झाली. मिशनऱ्यांकडे गेलेल्यांतली कितीतरी घाट चढून नाशिकला आली.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात एक वस्ती वसवली होती. तीच शरणपूर. तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रयगृह उघडलं. मुलं लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला. याओ, मकुआ, गाला अशा वेगवेगळ्या लोकांची ही मुलं. आईबापांनी ठेवलेली नावं बहुतेकांची गेली आणि मिशनऱ्यांची नावं त्यांना लागली. प्राइस साहेबांच्या नावाचा सायमन प्राइस, आयझेनबर्ग साहेबांच्या नावाचा रिचर्ड आयझेनबर्ग. मी शाळेच्या हजेरीपटावर आयुष्यभर नावं घातली आहेत. मुलाच्या नावाचा एक काना चुकला तरी दुसऱ्या दिवशी आई शाळेत येते. या मुलांची अख्खी नावं गेली आणि विचारायला यायला कुणाची आई नव्हती.

या मुलांपैकी एक विल्यम हेन्री जोन्स. हे पत्र मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

जोन्स याओ जमातीचे. लहानपणी विकले गेले, सुटले, मुंबई इलाख्यात आले आणि वाढले. १८६४ साली त्यांना, इश्माएल सेमलर या दुसऱ्या तरुणाबरोबर, मोंबासाजवळच्या रबईला पाठवण्यात आलं. ज्या किनाऱ्यावरून माणसं विकली जात होती त्याच किनाऱ्यावर, आता मोकळा माणूस म्हणून. रबईचं मिशन तोवर जेमतेम तग धरून होतं. जर्मन मिशनरी रेबमान यांच्या पाठीशी हे नाशिककर उभे राहिले. हो, मी त्यांना नाशिककर म्हणते. तिकडच्या इतिहासात या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात.

१८८५ च्या मे महिन्यात बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर दोघांनाही दीक्षा देऊन धर्मसेवक केलं. आजच्या केनियात आफ्रिकन माणसांना अशी दीक्षा मिळण्याची ही पहिलीच वेळ. जुलैत हॅनिंग्टन सुमारे दोनशे हमालांचा तांडा घेऊन युगांडाकडे निघाले आणि जोन्सना त्यांनी बरोबर घेतलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे बहुतेक तांडा जोन्सच्या हाती सोपवून बिशप पन्नासेक माणसांसह पुढे गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना मारण्यात आलं. त्यांच्याबरोबर गेलेल्यांपैकी चारच जण जीव वाचवून मागे आले. जोन्सनी आठवडेच्या आठवडे तिथे वाट पाहिली, आणखी कोणी येईल म्हणून. कोणी आलं नाही. मग ते उरलेला तांडा घेऊन परत फिरले, मसाई मुलुखातून, शेकडो मैल. १८८६ च्या सुरुवातीला रबईत शिरताना तांड्याच्या पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'इखाबोद'. बायबलच्या जुन्या करारातला हा शब्द. अर्थ, वैभव निघून गेलं. रबईत वाट पाहणाऱ्या बायकांनी ते निशाण दुरून पाहिलं असेल. निशाणावरची अक्षरं ज्या माणसाच्या मनात आली तो आमच्या शरणपुरातून गेला होता. ते निशाण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पण जोन्स मला मोठे वाटतात ते याहून वेगळ्या कारणासाठी.

किनाऱ्यावरच्या बागाईतदारांचे गुलाम पळून जात आणि रबईच्या टेकड्यांत आसरा शोधत. ब्रिटिश वकिलातीची आणि खुद्द मिशनची ताकीद होती की अशा पळालेल्यांना ठेवून घ्यायचं नाही. मालकांशी तंटा नको, मिशनवर हल्ला ओढवायला नको. रबईचा कारभार जोन्सकडे होता. माणसं येत राहिली, झोपड्या वाढत राहिल्या, शेतं वाढत राहिली. जोन्सनी त्यांना हाकललं नाही. आपण स्वतः जे भोगलं त्यातून पळून आलेला माणूस दारात उभा राहिला तर त्याला परत पाठवायचं, हे त्यांच्याकडून व्हायचं नव्हतं. भाषण नाही, सभा नाही, वर्तमानपत्र नाही. हुकूम आलेला असतानाही दार लावून घेतलं नाही, इतकंच. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातलं हे काम मला कुठल्याही भाषणापेक्षा कमी वाटत नाही.

१८८८ साली प्रकरण पेटलं. मालक हत्यारं घेऊन रबईवर चालून येणार अशी वेळ आली. त्या वेळी विल्यम साल्टर प्राइस, शरणपूर वसवणारे तेच प्राइस, म्हातारपणी पुन्हा त्या किनाऱ्यावर आलेले होते. रबईत पळालेल्यांची संख्या किती आहे हे कळल्यावर तेसुद्धा हादरले. अखेर इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन तोडगा काढला. १ जानेवारी १८८९ रोजी रबईत माणसांना मुक्ततेचे दाखले वाटले गेले. मिशनच्या वस्त्यांमधली ती माणसं चौदाशेहून अधिक होती. पैसे मिळाले ते मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं त्यांच्या हातात कागद पडला. तरीही तो कागद होता, आणि आपला मुलगा विकला जाणार नाही याची ती त्यांना मिळालेली पहिली हमी होती. किनाऱ्यावर गुलामगिरी कायद्याने पुरती संपायला १९०७ साल उजाडावं लागलं. रबईच्या त्या चौदाशेंना अठरा वर्षं आधी सुटका मिळाली, आणि त्यामागे जोन्सनी न लावलेलं दार होतं.

शरणपूरच्या इतर मुलांबद्दल थोडक्यात लिहिते. आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली नाशिकला आले होते. पुढच्या वर्षीच्या मोहिमेवर त्यांनी इथली नऊ मुलं नेली. आपल्या डायरीत त्यांनी या मुलांबद्दल बरंच कडवट लिहिलं आहे. मुलांची डायरी कुणी जपली नाही, त्यामुळे मालकाचं म्हणणं तेवढं उरलं. याच मोहिमेवर गेलेला चुमा हा मुलगा नाशिकचा नव्हे, तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेला होता. चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीला नाशिकहून आणखी सहा जण गेले आणि त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ ला, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली, कारण सगळ्यांत नीट वाचता येत होतं ते त्याला. मग त्याने त्या झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. शरणपुरात गिरवलेली अक्षरं आफ्रिकेच्या मध्यभागी एका झाडावर उतरली. बुंध्याचा तो कोरलेला भाग पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत गेला. मृतदेह खांद्यावर घेऊन चुमा, लिव्हिंग्स्टनचा दुसरा सेवक सूसी आणि ही मुलं हजाराहून अधिक मैल चालली आणि १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयोला समुद्रापाशी पोचली. वेस्टमिन्स्टर अॅबीत एप्रिलमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. त्याच सहांतला मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. माझी आजी तेव्हा तरुण होती. इतकं हे जवळचं आहे.

१८७४-७५ मध्ये प्राइस मोंबासाला गेले, फ्रीअर टाउन उभं राहिलं आणि शरणपूरची सुमारे दीडशे माणसं तिकडे हलली. नाशिकचं आश्रयगृह बंद झालं. जिथे ती गेली तिथे त्यांनी शाळा चालवल्या, चर्चं चालवली, सुतारकाम केलं, दुभाषी म्हणून काम केलं. आणि तिथल्या गोऱ्या वरिष्ठांकडून त्यांना पुष्कळ अपमानही सोसावे लागले. पगारात भेद होता, मानात भेद होता. फ्रीअर टाउनमध्ये मुक्त झालेल्या माणसांवर फटके चालवल्याची चौकशीही झाली. मंत्रिमहोदय, हे सगळं मी लिहिते आहे कारण मला मिशनऱ्यांचा पोवाडा नको आहे, आणि त्यांच्यावरचा खटलाही नको आहे. मुलांना ज्यांनी वाचवलं त्यांनीच त्यांची नावं पुसली. ज्या साम्राज्याने गलबतं अडवली त्यानेच पुढे तो किनारा गिळला. फलकावर दोन ओळी लिहायच्या झाल्या तरी हे दोन्ही मावायला हवं.

आता एक गोष्ट खास महाराष्ट्राच्या बाजूने. जेकबने झाडावर अक्षरं कोरली मे १८७३ मध्ये. झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली ५ जून १८७३ ला. तो तह घडवून आणायला गेलेले होते आपल्या मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रिअर. आणि पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'च्या प्रस्तावनेखाली तारीख घातली ती १ जून १८७३. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जे औदार्य दाखवलं त्याबद्दल. शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही आशा त्यांनी तिथेच लिहून ठेवली. ती अर्पणपत्रिका आपण भाषणांत किती अभिमानाने सांगतो! सांगायलाच हवी. पण जोतीराव ज्या मुक्तीकडे बोट दाखवत होते, तिचीच जिवंत माणसं त्या वेळी गोदावरीच्या काठी सुताराचा रंधा चालवत होती, हे त्या अभिमानाच्या शेजारी का सांगितलं जात नाही? अमेरिकेच्या गुलामगिरीवर आपल्याकडे शाळेपासून विद्यापीठापर्यंत वाचतात. अरबी समुद्रातल्या, आपल्या दारातल्या गुलामगिरीवर मराठीत वाचायला मिळतं ते फार थोडं.

यात जातीचा आणि रंगाचा प्रश्नही आहे, तो टाळून कसं चालेल? मुंबईच्या गोद्यांत आणि आगबोटींच्या भट्ट्यांवर राबलेले सिद्दी, मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी ही आफ्रिकेची माणसं या मातीत शतकानुशतकं आहेत. जंजिऱ्याच्या किल्ल्यामुळे त्यांच्यातले सरदार आपल्याला माहीत झाले. विकली गेलेली मुलं मात्र कुणाला माहीत नाहीत. आज नाशिकच्या कॉलेजांमध्ये आफ्रिकेतले विद्यार्थी शिकायला येतात. शरणपूर रोडवरून चालताना लोक त्यांच्याकडे वळून बघतात. दीडशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावर आफ्रिकन मुलं खेळत होती हे त्या बघणाऱ्यांना माहीत असतं, तर कदाचित त्यांनी दोन शब्द बोलायला पाऊल पुढे टाकलं असतं.

मोंबासाहून परत आल्यावर मी शरणपूर रोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालले. दुकानांच्या पाट्या वाचल्या, चौकांची नावं वाचली, बँकांचे आणि क्लासेसचे फलक वाचले. रस्त्यावर या मुलांबद्दल एक ओळ मला कुठे दिसली नाही. मधे एका कार्यालयात अर्ज दिला होता. काउंटरवरच्या मुलाने तो वाचला आणि फार सौजन्याने विचारलं, 'मॅडम, आफ्रिकेचा विषय आपल्याकडे कसा येईल?' त्याचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणाऱ्यांत मीही होते.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या आहेत. खर्च फारसा नाही, आणि कुणाचं काही काढून घ्यायचं नाही.

सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची, चौकांची, फलकांची कामं चालली आहेत. त्यातच शरणपूर परिसरात, चर्चच्या आणि तिथल्या रहिवाशांच्या संमतीने, एक दगडी फलक लावावा. मराठी, इंग्रजी आणि स्वाहिली या तिन्ही भाषांत. स्वाहिली यासाठी की मोंबासाहून कुणी आपल्या पणजोबांचं गाव शोधत आलं तर त्याला आपल्या भाषेत वाचता यावं. फलकावर 'काही आफ्रिकन मुले' असं मोघम लिहू नये. नावं लिहावीत: विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर. आणि खाली एक ओळ अशी असावी की या मुलांची जन्मनावं वेगळी होती.

दुसरं, पुराभिलेख संचालनालय आपल्याच विभागाकडे आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या खात्यांच्या फायलींमध्ये बंदरात उतरवलेल्या मुलांचा पत्रव्यवहार शोधून, तो एकत्र करून, सगळ्यांना पाहता येईल असा संगणकावर आणावा. कुठल्या गलबतावरून, कुठल्या साली, किती मुलं, कुणाच्या हवाली, ही यादी तयार व्हायला हवी. एखाद्या कारकुनाने घाईत का होईना, एखाद्या मुलाचं मूळ नाव कानावर पडलं तसं लिहून ठेवलं असेल तर ते तिथेच सापडेल.

तिसरं, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने या माणसांवर मराठीत एक चांगलं, परवडणाऱ्या किमतीचं पुस्तक काढावं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ साली बॉम्बे आफ्रिकनांवर प्रदर्शन भरवलं होतं. लंडनला जे सांगावंसं वाटलं ते नाशिकला सांगायला आपण आणखी किती थांबायचं?

आणि चौथं, मोंबासाशी पत्रव्यवहार सुरू करावा. रबईला जुन्या चर्चच्या आवारात केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथली माणसं आणि आपला पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभाग यांनी कागदपत्रांच्या नकला एकमेकांना दिल्या तरी खूप झालं. शरणपूरच्या फलकाचं उद्घाटन करायचं असेल तेव्हा फ्रीअर टाउनमधल्या एखाद्या कुटुंबाला सन्मानाने बोलवावं. फीत त्यांनी कापावी.

पुराभिलेखागारात बसून जुन्या फायली चाळायला माणसं कमी पडतात, हे मला ठाऊक आहे. मला इंग्रजी जुनं वळण वाचता येतं, मोडीही येते. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे, दिसतं चांगलं. आठवड्यातले तीन दिवस मुंबईला येऊन बसायला मी तयार आहे, मानधन नको. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी चौघांनी बरोबर यायचं कबूल केलं आहे. फक्त फायली पाहण्याची परवानगी आपल्या कार्यालयातून मिळावी. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
नाशिकची एक निवृत्त इतिहास शिक्षिका